थांबा, आता येतंय बघा

आमच्या घरी पाहुणे यायचे असले की बायको आधी दिवाणखाना आवरते आणि मग माझा मोबाइल लपवते.

मला तसं काही व्यसन नाही. सुपारीसुद्धा खात नाही. फक्त समोर दोन माणसं गप्प बसलेली दिसली की त्यांना टिम कॉनवे दाखवावा असं मला फार वाटतं. अमेरिकेत सीबीएस या टीव्ही वाहिनीवर १९६७ ते १९७८ अशी अकरा वर्षं कॅरल बर्नेट या बाईंचा विनोदी कार्यक्रम चालला. कॉनवे त्यातला नट. नुकताच पास झालेला दातांचा डॉक्टर, त्याचा पहिलाच पेशंट, आणि भुलीचं इंजेक्शन तो पेशंटऐवजी स्वतःच्याच हातात टोचून घेतो. हात लुळा पडतो. मग पायात टोचतो. पाय जातो. खुर्चीत पेशंट झालेला हार्वी कॉर्मन. त्याला हसायचं नाहीये, कारण त्याची दाढ दुखतेय. पण हसू दाबता दाबता तो तोंड लपवतो, पार घुसमटतो. हसू आवरता आवरता कॉर्मनची चड्डी ओली झाली होती, असं कॉनवे पुढे आयुष्यभर सांगत राहिला. मी हे आजवर शंभरेक वेळा पाहिलं असेल. एकट्यानं पाहिलं तर अजूनही उशीत तोंड खुपसावं लागतं.

घोटाळा दुसऱ्याला दाखवताना होतो. दाखवणारा माणूस पडद्याकडे बघतच नाही. तो बघतो बघणाऱ्याच्या तोंडाकडे. त्यामुळे समोरचा बिचारा धड बघू शकत नाही, हसायला हवं या धास्तीनंच अर्धमेला होतो. त्यात माझं चालूच, "थांबा, आता येतंय बघा. हे नाही, ह्याच्या पुढचं." खोटं हसणारा लगेच पकडता येतो. तो दोन सेकंद आधी हसतो. माझा मेहुणा इतका आधी हसतो की एकदा तो जाहिरातीलाच हसला.

या रोगाचं मूळ गिरगावात आहे. आमची चाळ खोताच्या वाडीला लागून. रविवारी सकाळी आमच्याकडे नळाचं पाणी जायचं आणि वाडीतल्या कुठल्याशा लाकडी जिन्याच्या घरातून जिम रीव्हज या अमेरिकन गायकाचा आवाज यायचा. आईला वाटायचं, पाद्रीबाबा कुणाचं सांत्वन करताहेत. हा माणूस माइकला जवळजवळ ओठ लावून, कानात गुपित सांगितल्यासारखा गायचा. एकेक शब्द सुटा, धुऊन वाळत घातल्यासारखा. मराठी शाळेतल्या आम्हा पोरांना कळलेलं पहिलं इंग्रजी ते. मी तर वहीत उतरवून घ्यायचो. या संगीताला कंट्री म्हणतात हे वाडीतल्या एका मित्रानं सांगितलं, आणि तेच मी उत्साहानं रात्री जेवताना घरी सांगितलं. "मी हल्ली दर रविवारी मित्राकडे कंट्री..." वडिलांनी पुढचं ऐकलंच नाही. आमच्या भागात कंट्री बाटलीतून मिळायची. ते ऐकायचं असतं हे पटेपर्यंत माझा एक कान बधिर झाला होता.

पुढे कॅसेटी आल्या. मी जिमची प्रत्येक नवी कॅसेट जमवायचो. बँकेत लागल्यावर एका सहकाऱ्यानं चहा पिता पिता सांगितलं की तो ३१ जुलै १९६४ लाच गेला. नॅशव्हिलजवळ वादळात स्वतःचंच छोटं विमान चालवत होता. वय ४०. त्याच्या बायकोनं मागे राहिलेली रेकॉर्डिंगं हळूहळू बाहेर काढली, आणि गेल्यानंतर दोन वर्षांनी, १९६६ साली, हा माणूस ब्रिटनमध्ये गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होता. मी ज्याच्या पुढच्या कॅसेटची वाट बघत होतो तो मी शाळेत जायच्या आधीच गेलेला! त्या दिवशी माझी कॅश जुळली नाही. कारण विचारल्यावर मी "घरात दुःखद घटना" असं सांगितलं, तेव्हा साहेबांनी "कोण?" असं विचारलं. मी "लांबचे" म्हणालो. खोटं नव्हतं ते.

त्यामुळे मुलीला नोकरी नॅशव्हिलला लागली तेव्हा लोकांनी पेढे मागितले आणि मी नकाशा काढला. बाळंतपणासाठी आम्ही सहा महिने तिथे होतो. बायको डिंकाचे लाडू करायची, मी टीव्ही बघायचो. तिथे जुने कार्यक्रम दाखवणारी एक वाहिनी सापडली आणि तिच्यावर ‘ही हॉ’. गाढव ओरडतं ना, ते त्यांच्याकडे असं ओरडतं. सूत्रसंचालक बक ओवेन्स आणि रॉय क्लार्क, दोघंही हाडाचे गवय्ये. मक्याच्या शेतातून एक डोकं वर येतं, एक पाचकळ विनोद सांगतं आणि गडप होतं. मग दुसरं. आपल्या बतावणीतल्या सोंगाड्याला मका लावून दिला तर हेच होईल. विनोद इतके जुने की आमच्या चाळीतही कुणी सांगितले नसते. मधेच रॉय क्लार्क गिटार उचलतो, त्याची बोटं दिसेनाशी होतात आणि आपण उघडं पडलेलं तोंड मिटायला विसरतो.

हा कार्यक्रम १९६९ ला सीबीएसवर सुरू झाला आणि प्रेक्षक भरपूर असतानाही १९७१ ला काढून टाकला. जाहिरातदारांना शहरी, तरुण, पैसेवाले प्रेक्षक हवे होते. ज्यात झाड दिसेल तो प्रत्येक कार्यक्रम सीबीएसनं बंद केला, असं पॅट बट्रम हा नट म्हणाला होता. मग करणाऱ्यांनी तो थेट गावोगावच्या टीव्ही केंद्रांना विकला आणि १९९२ पर्यंत नवे भाग काढले. हे मी जावयाला सांगत होतो तेव्हा तो डायपर बदलत होता. त्याच्या चेहऱ्यावर जी वेदना होती ती सीबीएसबद्दलची असावी असं मी धरून चाललो.

बायकोला त्यातलं एकच पात्र आवडलं, मिनी पर्ल. नटूनथटून येते, जोरात "हाउडी" अशी आरोळी ठोकते, आणि तिच्या हॅटला १.९८ डॉलरची किमतीची चिठ्ठी लोंबत असते. अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या लोक त्या चिठ्ठीला हसले. बायको हसली नाही. तिला ते पटलं. "बरोबर आहे. पावती असेल तर महिन्याभरात परत घेतात." तिनं स्वतःचा थंडीचा कोट सहा महिने तसाच चिठ्ठीसकट घातला होता.

असो. मुद्दा मागच्या रविवारचा आहे. मुलानं स्वतःचं स्वतःच जमवलंय. दोन्हीकडच्या आईवडिलांनी फक्त पोहे खायचे होते. मुलीकडची मंडळी ठाण्याहून डोंबिवलीला आली. पोहे झाले, चहा झाला, ट्रॅफिक झालं, पार्किंग झालं. मग ती शांतता आली. सगळे पंख्याकडे बघतात ती. बायको आत खोबऱ्याच्या वड्या काढायला गेली होती आणि फोन तिनं नेहमीप्रमाणे तांदळाच्या डब्यामागे ठेवला होता. ही जागा मला दोन वर्षांपासून ठाऊक आहे.

"तुम्हाला एक गंमत दाखवतो," मी म्हणालो. मुलानं डोळे मिटले.

फोन टीव्हीला जोडेपर्यंत सात मिनिटं गेली. त्यात आधी शेजाऱ्यांच्या टीव्हीचं नाव आलं, मग मूळव्याधीवरच्या चूर्णाची जाहिरात आली, आणि ती पाच सेकंदांनी बंद करता येणारी नव्हती. शेवटी एकदाचा कॉनवे आला. निवडलेला तुकडा हत्तींचा. बसलेल्या चौघांपैकी कॉनवे एक गोष्ट सांगतो, बाकीच्यांना ती आधी माहीत नसते, आणि तिघंही आपापलं काम विसरून हसण्याशी झुंजत बसतात. मी जोडीला मराठी धावतं समालोचन सुरू केलं.

"तो म्हणतोय, त्यानं सयामी जुळे हत्ती पाहिले."

"म्हणजे?" होणाऱ्या विहीणबाईंनी विचारलं.

"सोंडेला सोंड चिकटलेले."

"अगं बाई! ऑपरेशन नाही का होत त्यांचं?"

इथे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पडद्यावर कॅरल बर्नेट हसून हसून लाल झाली होती आणि आमच्या सोफ्यावर हत्तींबद्दल हळहळ पसरत होती. ते पाणी कसं पीत असतील, असं व्याहीबुवांनी मला गंभीरपणे विचारलं. "थांबा, आता येतंय बघा," मी म्हणालो. आणि ते काय येतंय हे मला त्याच क्षणी आठवलं. गोष्ट संपते, सगळे कसेबसे सावरतात, आणि म्हातारीचं सोंग घेतलेली विकी लॉरेन्स एक वाक्य बोलते. कॉनवेबद्दल. त्या वाक्यात एक शब्द आहे. मूळव्याधीच्या जाहिरातीनं तो वेगळ्या मार्गानं नुकताच सुचवला होता.

मी रिमोट शोधला. तो विहीणबाईंच्या पाठीमागे होता. वाक्य आलं. पडद्यावर माणसं खुर्चीवरून घसरली.

"काय म्हणाली ती?" विहीणबाई.

"म्हणाली... त्या... लहानशा गृहस्थांचं... बोलून झालं का."

"मग त्यात हसण्यासारखं काय?"

"काही नाही. अमेरिकन लोक आहेत."

तेवढ्यात होणारी सून फसकन हसली. पोहे नाकात जाईपर्यंत. तिला इंग्रजी येतं हे मी साफ विसरलो होतो. "काका, पुन्हा लावा ना," ती म्हणाली. तिचे वडील तिच्याकडे, मग माझ्याकडे, मग टीव्हीकडे बघत राहिले. स्वयंपाकघराच्या दारात बायको वड्यांची ताटली घेऊन उभी होती. तांदळाच्या डब्यामागचा काळ संपला, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

व्याहीबुवा थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून स्वतःचा फोन काढला.

"तुम्हाला जुन्याची आवड दिसतेय," ते सोफ्यावर माझ्याकडे सरकत म्हणाले. "१९८७. आमच्या सोसायटीचा गणेशोत्सव. तीन अंकी नाटक. कॅसेटवरून उतरवून घेतलंय."

चित्र हिरवं होतं. माणसं पाण्याखाली असल्यासारखी हलत होती. मी विचारलं, "यात तुम्ही कोणते?"

"मी दिसत नाही. मी प्रॉम्प्टर. पण आवाज येतो बघा मागून, नायकाच्या आधी. ऐका. हे नाही, ह्याच्या पुढचं. थांबा, आता येतंय."

मी स्क्रीनकडे बघत होतो. उजव्या गालावर त्यांची नजर अगदी उन्हासारखी लागत होती.

मी हसलो. दोन सेकंद आधी.