मोनेने पॉप्लरची झाडं वाचवली नव्हती

फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेच्या नदीकाठच्या पॉप्लर झाडांच्या चित्रांसोबत एक मजकूर फिरतोय: 'तोडीला आलेली झाडं विकत घेऊन त्याने ती कायमची वाचवली.' हे खरं नाही.

फ्रान्समध्ये जिव्हेर्नीजवळ एप्त नदीच्या काठची ही झाडं लिमे गावाच्या मालकीची. १८९१मध्ये या झाडांची चित्रमालिका अर्धवट असतानाच गावाने त्यांचा लिलाव काढला. मोनेने लाकडाच्या व्यापाऱ्याला गाठलं. झाडं व्यापाऱ्याने घ्यायची, बोली त्याने ठरवलेल्या रकमेच्या वर गेली तर वरचे पैसे मोने देणार, बदल्यात चित्रं पुरी होईपर्यंत झाडं उभी राहणार, एवढाच तो सौदा. पुढे झाडं तुटलीच.

मुदत त्याला का हवी होती, हे त्याच्या कामात दिसतं. तळाशी खाचा असलेल्या होडीत तो अनेक कॅनव्हास उभे ठेवी आणि ऊन सरकलं की कॅनव्हास बदली. एका चित्रातला प्रकाश जेमतेम सात मिनिटं टिके, असं त्याची शेजारीण, चित्रकार लिला कॅबट पेरी हिने नोंदवलंय. त्यानंतरही तोच कॅनव्हास रंगवत राहिलं, तर झाडावर एका वेळेचं ऊन आणि पाण्यातल्या प्रतिबिंबात दुसऱ्याच वेळेचं, अशी गल्लत होते. त्यामुळे एकेक चित्र पुरं करायला त्याला तसंच ऊन असताना पुन्हा पुन्हा यावं लागे. म्हणूनच 'एका बैठकीत काढलेलं चित्र' हे त्या फिरत्या मजकुरातलं वाक्यही चूक आहे.