जर्मनचं पातेलं आणि स्पेनचा साबण

ऑलिव्ह तेलाचा साबण घरी करायचा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तेल, पाणी आणि कास्टिक सोडा, बस्स. स्पेनमधल्या कॅस्टीलवरून याला कॅस्टील साबण म्हणतात, हेही मी घरात दोनदा सांगून झालं होतं.

आईचं लक्ष बाटलीवरच्या किमतीकडे. "एवढ्यात करडीच्या तेलाचा डबा आला असता की रं!"

हिशेब पक्का होता. अर्धा किलो तेलाला ६४ ग्रॅम सोडा. सगळं तेल मुरवायचं तर साडेसदुसष्ट लागतो, पण कातडीसाठी थोडं तेल मोकळं ठेवायचं असतं. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी साबण फाटतो म्हणून जारचं पाणी घेतलं.

"माणसं बोअरचं पाणी पितेत, अन् साबणाला जारचं!"

२०१६ साली मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलेल्या लातुरात यावर काय बोलणार?

सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर नाही, हे पाठ होतं. हातमोजे चढवले, बायकोचा स्कूटीवरचा गॉगल लावला, तोंडाला गमचा. एवढा जामानिमा करून भांडं मात्र हाताला येईल ते घेतलं. जर्मनचं पातेलं, दूध तापवायचं. सोडा पडला तसं ते फसफसायला लागलं. वाफेचा ठसका बसला. अॅल्युमिनियम आणि सोडा भेटले की हायड्रोजन निघतो, हा दहावीचा धडा मला पातेलं अंगणात नेऊन ठेवल्यावर आठवला. आतून काळंठिक्कर! आई काही बोलली नाही. ते जास्त लागलं.

दुसऱ्या खेपेला भांडं म्हणून स्टीलचा गंज घेतला. ब्लेंडर सुरू केला आणि लाईट गेली. हे तेल आळायला मुळातच आळशी. सव्वा तास रवीनं घुसळलं. शेजारच्या काकूंनी भिंतीवरून विचारलं, "लोणी आलं का?"

वड्या सहा आठवडे बाजेखाली वाळल्या. मग पहिली आंघोळ, अर्थात बोअरच्या पाण्यानं. फेस नावाला. अंगावर चिरलेल्या भेंडीसारखी तार आणि बादलीत फाटलेल्या दुधासारखा चोथा. वडीही हातातून सुळकन निसटून मोरीत गेली.

बाहेर आलो तर आई कढई तापवून उभी.

"तेलाचा साबण केलास ना? आता त्याचं परत तेल करून दे. फोडणी द्यायची हाय."