मूर्ती लपवण्याच्या काही खात्रीशीर युक्त्या

'आपल्यात मूर्तिपूजा नाही.' हे वाक्य उपासना सुटल्यावर, अभिषेकाचं, म्हणजे आजार बरा व्हावा म्हणून लावायचं, तेल विकणाऱ्या टेबलासमोर रांगेत उभं राहून म्हणायचं. गेल्या रविवारी ते टेबल आमच्या मंडळीतही, म्हणजे चर्चमध्येही, लागलं. 50 मिलीची बाटली. लेबलावर नखाएवढा क्रूस, बाकी सगळी जागा पाहुण्या पास्टरांच्या सुटाबुटातल्या फोटोला. तर ज्यांना मूर्ती हवी आहे पण दिसायला नको, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन.

सर्वात आधी शेजाऱ्याच्या देव्हाऱ्याकडे बोट दाखवा. बायबलातला यहेज्केल 14 उघडूच नका. तिथे हृदयात मूर्ती बाळगणारे म्हणून ज्यांची हजेरी घेतली आहे, ते परके नाहीत, संदेष्ट्यापुढे वचन ऐकायला येऊन बसलेले इस्राएलाचे वडीलच आहेत.

जागा नीट निवडा. राहेलीने बाप लाबानाच्या गृहदेवता चोरून उंटाच्या खोगिरात दडवल्या आणि वर बसून राहिली. लाबानाने तंबू चाचपला, हाती काही लागलं नाही. तुम्ही फ्लॅटवर बसा, मुलाच्या पर्सेंटाइलवर बसा, फक्त उठू नका.

नाव मात्र परमेश्वराचंच घ्या. मीखा नावाच्या माणसाच्या आईने 1100 रुपे (चांदीचे तुकडे) परमेश्वराला वाहिले आणि मूर्तीसाठी सोनाराला दिले 200. उरलेल्या 900 चा हिशेब शास्ते 17 मध्ये नाही (आपल्या वार्षिक सभेत तरी कुठे असतो!). पुढे मीखाने वर्षाला 10 रुपे, एक पोशाख आणि जेवणखाण यावर लेवी (देवसेवेच्या वंशातला माणूस) याजक म्हणून नेमला आणि म्हणाला, आता परमेश्वर माझं बरं करणार. इस्राएलातल्या 'दान' नावाच्या वंशाने मोठी जागा देऊ केली, तेव्हा तोच लेवी मूर्तीसकट खुशीने निघून गेला.

पंखा दान केलात तर तिन्ही पात्यांवर नाव घाला.

कापणीच्या सणाला नारळाची बोली भाऊबंद बघत असतील तेव्हाच वाढवा.

आता तेल. निर्गम 30 मध्ये अभिषेकाच्या तेलाची कृती मापासकट (शेकेल हे वजन, हिन हे द्रवाचं माप) दिली आहे: 500 शेकेल गंधरस, 250 दालचिनी, 250 वेखंड, 500 तज, 1 हिन जैतुनाचं तेल. ती नुसती वाचून दाखवायची, पुढे जायचं नाही. पुढे लिहिलंय की असं तेल दुसरं कोणी बनवेल किंवा परक्याला लावेल, तर त्याचा आपल्या लोकांतून उच्छेद व्हावा. याकोब 5:14 सांगाल? तिथे आजारी माणसाने मंडळीच्या वडिलांना घरी बोलवायचं, त्यांनी प्रभूच्या नावाने तेल लावून प्रार्थना करायची. बाटली नाही, फोटो नाही, टेबल नाही, क्यूआर कोड तर नाहीच. 'पण तेल शास्त्रात आहेच ना?' पितळी सापही शास्त्रात आहे! तो तर मोशेने देवाच्या आज्ञेवरून केला होता. लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले, 2 राजे 18:4. परमेश्वराच्या दृष्टीने जे नीट ते त्याने केलं, असं आदल्याच वचनात त्याच्याबद्दल म्हटलंय.

कराराचा कोश (दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी) लढाईच्या छावणीत आला तेव्हा इस्राएलाने असा जयघोष केला की भूमी दणाणली. आता विजय खिशात! त्या लढाईत 30,000 पायदळ पडलं आणि कोश शत्रूने, पलिष्ट्यांनी, नेला.

आणि तेल लावूनही साखर उतरली नाही की काय होतं, ठाऊक आहे ना? विकणारा म्हणतो, तुमचा विश्वास कमी पडला. मग दुसरी बाटली. मग गोळ्या बंद. मग पायाची जखम चिघळते आणि घरचे आजाऱ्यालाच पापाची कबुली द्यायला लावतात. तेलाला कोणी दोष देत नाही, फोटोला तर नाहीच. ज्याला प्रश्न विचारता येत नाही आणि ज्याच्यासाठी माणसाचा बळी दिलेला चालतो, तो तुमचा देव झाला. 115 वं स्तोत्र सांगतं की मूर्ती करणारे मूर्तीसारखेच होतात: कान असून ऐकत नाहीत. म्हणूनच रांगेतल्या एकालाही वरची वचनं आठवली नाहीत, सगळ्यांची रविवारची शाळा झालेली असूनही.

लाज वाटू द्या. इन्शुलिन चालू ठेवा. बाटली परत करा आणि पैसे मागून घ्या. आणि मंडळीच्या पंचांनो, ते टेबल कोणाच्या परवानगीने लागलं, पैसे कोणत्या खात्यात गेले, हे येत्या रविवारी उभं राहून मंडळीला सांगा.