सॅन फ्रान्सिस्कोचं बेसबॉल १९५८ च्या आधीचं

“१९५८ साली न्यूयॉर्कहून जायंट्स आले आणि सॅन फ्रान्सिस्कोत खरं बेसबॉल सुरू झालं. त्याआधी तिथे किरकोळ मायनर लीग (खालच्या दर्जाची स्पर्धा) होती, बघायलाही कुणी जात नसे.” हे विधान सर्रास फिरतं. जायंट्स हा मेजर लीगचा, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेतला संघ १९५८ साली आला, एवढंच त्यात बरोबर आहे.

‘सुरू झालं’ म्हणजे काय? सील्स हा शहराचा संघ पॅसिफिक कोस्ट लीग या पश्चिम किनाऱ्यावरच्या स्पर्धेत १९०३ पासून, म्हणजे तोवर ५५ हंगाम खेळला होता. १९०६ च्या भूकंपात मैदान गेलं, तर खाडीपलीकडे ओकलंडला जाऊन त्यांनी हंगाम पुरा केला. किनाऱ्यावरच्या सौम्य हवेमुळे हंगामही लांबलचक असे. १९०५ मध्ये सील्स २३० सामने खेळले.

‘किरकोळ’ या शब्दाचा मला खरा राग येतो. मेजर लीगचे सोळा संघ १९०३ ते १९५२ या काळात त्याच दहा शहरांत अडकलेले होते आणि त्यांतलं सर्वांत पश्चिमेचं शहर सेंट लुईस. प्रवास रेल्वेचा, पॅसिफिकपर्यंत यायचं तर दिवस मोडायचे. तेव्हा सील्सना ‘मायनर’ ठरवण्यात नकाशाचा वाटा मोठा होता. पॉल वेनरने १९२५ मध्ये सील्सकडून .४०१ च्या सरासरीने, म्हणजे दहातल्या सुमारे चार वेळा यशस्वी, बॅटिंग केली. याच शहरात वाढलेल्या जो डिमॅजिओने १९३३ मध्ये, वय अवघं अठरा असताना, सलग ६१ सामन्यांत हिट (बेसवर पोचवणारा फटका) मारली. १९४१ मध्ये यांकीज या न्यूयॉर्कच्या मेजर लीग संघाकडून त्याने केलेला ५६ सामन्यांचा विक्रम जगाला पाठ आहे, पण आकडा मोठा सील्सच्या जर्सीतला! शहराचाच सुपुत्र लेफ्टी ओडूल १९३५ ते १९५१ सील्सचा व्यवस्थापक होता. १९४९ मध्ये तो संघ घेऊन जपानला गेला, आणि पुढे जपानच्या बेसबॉल हॉल ऑफ फेमने त्याला मान दिला. १९५२ मध्ये या लीगला ट्रिपल-ए या मायनर लीगमधल्या सर्वांत वरच्या पायरीच्याही वरचा, ‘ओपन’ दर्जा मिळाला. किरकोळ लीगला असा दर्जा कोण देतं?

प्रेक्षकांचं म्हणाल तर १९४६ च्या हंगामात सील्सच्या सामन्यांना ६ लाख ७० हजारांहून अधिक लोक आले. मायनर लीगमधला हा विक्रम १९८२ पर्यंत टिकला. पन्नाशीच्या दशकात टीव्ही घरोघरी पोचला आणि गर्दी ओसरली, हे मान्य. पण १९५७ च्या शेवटच्या हंगामात अजिंक्यपद सील्सनीच जिंकलं. जायंट्स येणार म्हणून त्यांना शहर सोडून फिनिक्सला जावं लागलं.

आणि ज्या सामन्याने सगळं सुरू झालं म्हणतात, तो १५ एप्रिल १९५८ चा जायंट्स-डॉजर्स सामना झाला कुठे? सोळाव्या आणि ब्रायंट रस्त्यांच्या नाक्यावर, १९३१ मध्ये उभारलेल्या सील्स स्टेडियममध्ये. जायंट्स तिथे दोन हंगाम खेळले. मग ते पाडून टाकलं.