५०% डिस्काउंटवाली जिम मेंबरशिप आणि माझं सरकलेलं डोकं

चार दिवस गप्प बसलो, आता लिहूनच टाकतो, नाहीतर परत त्या कस्टमर केअरच्या बिचाऱ्या मुलीवर ओरडेन आणि घरी बायको म्हणेल की तुमचं बीपी वाढवायला जिम कशाला पाहिजे, फोन पुरे आहे.

झालं असं की ऑफिसात एचआरचा मेल आला. फिटनेस बेनिफिट म्हणे. एकच पास घ्या, बडोद्यातल्या सगळ्या पार्टनर जिममध्ये कुठेही जा. वर्षाचे २३,९९८ खोडलेले, खाली लाल ठळक अक्षरात ११,९९९, आणि त्याच्याखाली उलटं धावणारं घड्याळ, ४ तास १२ मिनिटं बाकी. आता मला जिमची हौस नाहीये, हे आधीच सांगतो. माझं एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, आलंय ६.२. ५.७ ते ६.४ म्हणजे डायबिटीसच्या उंबऱ्यावर उभं राहणं, असं डॉक्टरांनी समजावलं, आणि म्हणाले नुसतं चालून भागणार नाही, आठवड्यातून चार दिवस वजनं उचला, स्नायू वाढले की साखर खर्च होते. म्हणजे मी गरजू माणूस, हातात पैसे घेऊन उभा, मला फक्त एवढंच विचारायचं होतं की बाबांनो हे परवडतं की नाही, एक सरळ आकडा सांगा. नाही सांगत. कोणीच नाही सांगत!

आधी पास. ११,९९९ बघून मी खूश. पुढचं पान उघडलं तर त्यात ॲक्टिव्हेशन चार्ज ९९९. कसलं ॲक्टिव्हेशन? मी काय मीटर बसवतोय? त्यावर जीएसटी. हे सगळं मिळून झाले १३,६४८. बरं, जीएसटीवरून आठवलं, २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमवरचा टॅक्स १८ वरून ५ टक्के झाला, पेपरात वाचून मी चहा पिताना टाळी वाजवली होती. माझ्याकडे मागच्या वर्षीचा हाच मेल पडलेला होता, उकरून काढला. तेव्हा पासाचे १०,६९९ अधिक १८ टक्के, म्हणजे १२,६२५. आता ११,९९९ अधिक ५ टक्के, म्हणजे १२,५९९. सरकारने तेरा टक्के सोडले आणि माझ्या खिशात आले २६ रुपये. भजियाची प्लेट तरी येईल का त्यात? साडूभाऊ जीएसटीचंच काम करतात, त्यांना फोन केला तर ते म्हणाले, अहो ते ५ टक्के इनपुट क्रेडिटशिवायचे आहेत, म्हणजे भाड्यावर नि मशीनवर जो टॅक्स भरतात तो आता त्यांना वळता करून मिळत नाही, म्हणून बेस रेट चढवतात. असेल बुवा, खरंच असेल, पण मग मेलच्या सुरुवातीला 'टॅक्स कपातीचा पूर्ण फायदा तुम्हाला' असं कशाला छापलंय, आणि वर फुगे काढलेत.

आता नकाशा. ॲपमध्ये बडोद्यावर इतके ठिपके की वाटतं पाणीपुरीच्या गाड्यांपेक्षा जिम जास्त झाल्यात. माझं घर मांजलपूरला, नोकरी मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, संध्याकाळी साडेसहाला सुटून मी काही गोत्रीला वजनं उचलायला जाणार नाही. तीन किलोमीटरच्या आत ठिपके चार. रविवारी फाफडा आणायला निघालो तसा चारही ठिकाणी जाऊन आलो. पहिला ठिपका म्हणजे योगा क्लास, फक्त बायकांसाठी. दुसरा झुंबाचा हॉल, तिथे वजन म्हणून काय असेल तर तो स्पीकर. तिसऱ्या जागी जिम होती असं शेजारचा पानवाला म्हणाला, आता तिथे मोबाईलच्या कव्हरचं दुकान आहे. चौथी खरी जिम. पण ती 'गोल्ड', माझा पास 'सिल्व्हर', फरकाचे महिन्याला ४०० वर टॅक्स. वर्षाचे ५,०४० अजून. एकूण १८,६८८.

आणि सेशन महिन्याला बाराच! डॉक्टर म्हणतात आठवड्याला चार, म्हणजे सोळा-सतरा होतात, ह्यांचा महिना तिसऱ्या आठवड्यात संपतो. उरलेली सेशनं पुढच्या महिन्यात जात नाहीत. स्लॉट बुक केला आणि ऑफिसात बॉसने अडकवलं म्हणून जाता आलं नाही तर ते सेशन गेलं समजायचं.

त्या चौथ्या जिममधली गंमत तर ऐका. दुसरा मजला, काचेचा दरवाजा, आत एसी, पण त्याचा रिमोट ट्रेनरच्या खिशात. चार ट्रेडमिल, त्यातल्या दोघींवर 'आउट ऑफ ऑर्डर'चा ए फोर कागद सेलोटेपने चिकटवलेला, आणि ती टेप कडेने पिवळी पडून आता कागद नुसता भरवशावर लटकतोय, त्यावरून किती महिने झाले ते समजून घ्या. काउंटरवरच्या मुलाला म्हटलं की असा असा पास आहे, संध्याकाळी सातला येईन. तो हसला. म्हणे अंकल, पासवाल्यांना ११ ते ४. मी म्हटलं ११ ते ४ मी लेथ मशीनपाशी असतो. तर शांतपणे म्हणाला, "अमने पर विझिट मळे छे, ए पण मोडुं." म्हणजे मी आलो तर ह्यांना हजेरीमागे थोडेसे मिळणार, ते पण उशिरा, तर संध्याकाळच्या गर्दीत ते स्वतःच्या मेंबरला जागा देतील की मला? आणि जो पास विकतोय त्याचं उलटं, मी जितक्या वेळा जाईन तितक्या वेळा त्याला ह्यांना द्यावे लागणार, म्हणजे त्याची पण इच्छा हीच की मी घरी सोफ्यावर बसावं. दोघांचंही माझ्या न येण्यात भलं आहे! हे कळल्यावर मला जे काही झालं ना, तिथेच जिन्यात उभं राहून हसू पण आलं आणि कोणाचं तरी मुंडकं पिरगाळावंसं पण वाटलं.

हे मी माझ्या मनाचं बोलत नाहीये. डेलाविन्या आणि मालमेंडियर ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या जिमच्या हजेऱ्या तपासल्या होत्या, २००६ मध्ये छापलं. महिन्याचे ७० डॉलरच्या वर भरणारे लोक सरासरी महिन्याला चार-साडेचार वेळाच जायचे, म्हणजे दर वेळेचे १७ डॉलरच्या वर पडायचे, आणि तिथेच दहा वेळांचा पास घेतला असता तर दर खेपेला १० डॉलरमध्ये काम होत होतं. सगळ्यांना वाटायचं मी तर ह्याहून कितीतरी जास्त वेळा जाणार. अगदी माझीच जात.

कारण मी पण दोनदा शेकून घेतलंय. २०२३ ला नवरात्रीच्या आधी सगळं बडोदं जिमचे पैसे भरतं तसे मी पण भरले होते, ९,००० एकरकमी, गरब्यात दम लागू नये म्हणून. परवा बायकोने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशोब मांडला, हजेरीचे मेसेज मोजले, एकतीस दिवस. एका दिवसाचे २९० रुपये. तिने त्या २९० भोवती दोनदा गोल काढला आणि काही बोलली नाही. ते न बोलणं जास्त लागतं.

२०२४ ला दुसऱ्या जिममध्ये, जुलैत. बेसमेंटला होती. पुढचं सांगायला पाहिजे का? ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्री नदी घराघरात शिरली, रस्त्यावर मगरी फिरत होत्या, आणि आमच्या जिमच्या पायऱ्यांवर छातीएवढं पाणी. पाच आठवडे बंद. उघडल्यावर मी म्हटलं पाच आठवडे पुढे वाढवून द्या, तर मला नियम दाखवला, मेंबरशिप थांबवायची तर ४८ तास आधी लेखी कळवायचं, आणि ते पण जास्तीत जास्त १५ दिवस. म्हणजे विश्वामित्रीने मला ४८ तास आधी अर्ज द्यायला पाहिजे होता, मी तो पुढे पाठवला असता. आणि जिम त्यांची बंद होती हो, माझी नाही! 'नॉन रिफंडेबल, नॉन ट्रान्सफरेबल' म्हणून पावतीच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरात छापलं की ह्यांचं सगळं माफ.

मग ह्या वेळी ठरवलं की त्या चौथ्या जिममध्येच थेट विचारू. पण थेट रेट विचारायची पण सोय ठेवलेली नाही. भिंतीवर दंड दाखवणारे सहा फोटो, रेटचा बोर्ड एक नाही. रेट काय म्हटलं की आधी नाव लिहा, नंबर लिहा, मग त्या वजनकाट्यासारख्या मशीनवर मोजे काढून उभे रहा. त्यातून पावतीसारखा कागद निघतो. माझा निघाला, 'मेटाबॉलिक एज ५४', म्हणजे मशीनच्या मते शरीराचं वय. मी ४२ चा आहे. त्या पोराने चेहरा असा पाडला जसा काही बायोप्सीचा रिपोर्ट आलाय, आणि लगेच म्हणे पर्सनल ट्रेनिंग घ्यावंच लागेल, महिन्याचे ६,०००. नको म्हटलं. मग वर्षाचे १८,०००. उठायला लागलो तर १४. दरवाज्यापाशी ११. जिन्यात ९, "आजे लई लो ने अंकल, काले आ रेट नहि मळे." म्हणजे आजच घ्या, उद्या हा रेट नाही. मंगळ बाजारात चपला घेताना पण अशी घासाघीस होत नाही, तिथे निदान चप्पल पायात घालून बघता येते.

पण लक्षात घ्या, जिन्यातला रेट ९,०००. कुठलीही वेळ, कितीही दिवस. आणि माझं ५०% डिस्काउंटवालं कॉर्पोरेट बेनिफिट १८,६८८, दुपारी ११ ते ४, महिन्यात बारा वेळा. हे डिस्काउंट कशावर आहे मग? त्या २३,९९८ वर, जे जगात कोणी कधी भरलेले नाहीत.

रात्री परत ॲप उघडलं, म्हटलं निदान सिल्व्हर-गोल्डचं नीट वाचू. घड्याळ ०० झालं होतं. बायकोच्या फोनवर तेच पान उघडलं, ४ तास १२ मिनिटं! नव्याने चालू! आणि बंद करायला गेलो तर बटणावर काय लिहिलंय, 'नको, मला आळशीच राहायचंय'. अरे तुझ्या! केंद्र सरकारने २०२३ मध्ये ह्या असल्या फसव्या चाळ्यांवर नियम काढलेत, तेरा प्रकार नावानिशी दिलेत, त्यात हे खोटं घड्याळ आहे, हे लाजवणारं बटण आहे, शेवटच्या पानावर थेंब थेंब किंमत वाढवणं पण आहे. १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. मी केली. नंबर मिळाला तक्रारीचा, बघू.

आणि खाली एक चौकोन, आधीच टिक केलेला, 'ऑटो रिन्यू'. ओटीपीशिवाय परस्पर कापायची मर्यादा १५,००० ची आहे, आणि ह्यांचं सगळं धरून १३,६४८, बरोब्बर त्याच्या आत बसतं. आदल्या दिवशी मेसेज येतो म्हणा, पण पुढच्या वर्षीच्या त्या दिवशी मी कुठे लग्नात जेवत असेन, कोण बघतो.

ऑफिसात हे सगळं सांगितलं तर दोन प्रकारचे लोक. एक म्हणतात जवा दे ने यार, सोड ना, पैसे कंपनी देते ना अर्धे? नाही देत! कंपनी फक्त मेल देते! आणि दुसरे आमचे मराठी मंडळी, त्यांचं ठरलेलं, अरे तुझे आजोबा दांडिया बाजारात माणिकरावांच्या आखाड्यात जायचे, पाचशे बैठका मारायचे, कुठला एसी नि कुठला पास. मला माहीत आहे हो. जुम्मादादांचं नाव, त्यांचे शिष्य राजरत्न माणिकराव, मल्लखांब, सगळं लहानपणापासून ऐकलंय, अभिमान आहे. पण आजोबा कधी रोज दिवसभर लेथपाशी वाकले नव्हते, माझी कंबर एल फोर एल फाइव्हला धरलीय, पाचशे बैठका मारल्या तर मला उचलून आणायला सहा माणसं लागतील. आणि कमाटीबागेत चाल म्हणणाऱ्यांनी जूनमध्ये चालून दाखवावं.

बायको शेवटी वैतागून म्हणाली, "अहो, तुम्ही वर्षाचा विचारच कशाला करता? एक महिन्याचे भरा. गेलात तर दुसऱ्याचे भरू." इतकं सोपं. सोमवारी गेलो, म्हटलं एक महिना. तो म्हणे एक महिन्याचं पॅकेज नाही. म्हटलं मग मी निघालो. जिन्यात आवाज आला, अंकल, १,५००. महाग आहे, मला कळतंय की महाग आहे, बाराने गुणलं तर १८,००० होतात, पण हे महाग निदान डोळ्यासमोर आहे आणि महिन्याभरात संपतं. रोख दिले. पावती मागितली तर म्हणे पावतीबुक सरांकडे आहे, उद्या.

आज चौथा दिवस. चारही दिवस गेलोय. पावती अजून नाही.