चिलखत म्हणजे 70 किलोचं ओझं नव्हे

गेल्या काही महिन्यांत एकच मजकूर मला चार व्हॉट्सअॅप गटांवर आला. एक शाळेच्या मित्रांचा, एक नातेवाइकांचा, दोन इथल्या मराठी मंडळातले. मजकूर थोडक्यात असा: मध्ययुगीन युरोपातल्या सरदारांचं लोखंडी चिलखत 60-70 किलोचं असे. त्यांना घोड्यावर चढवायला कप्पी लागे. खाली पडले की उताण्या कासवासारखे तिथेच पडून राहत. मराठे मात्र चिलखत घालतच नसत, म्हणून चपळ आणि म्हणून विजयी. आणि आज अमेरिका-युरोपात काही हौशी लोक पत्र्याचे डबे अंगावर चढवून त्याच मूर्खपणाची नक्कल करतात. त्यात ना इतिहास, ना कारागिरी.

त्या हौशी लोकांपैकी मी एक. मूळचा कसबा पेठेतला, आता पश्चिम पेन्सिल्वेनियात. नऊ वर्षं गॅरेजमध्ये पत्रा ठोकतोय आणि जे बनतं ते अंगावर घालून लढतोय. मजकूर पाठवणाऱ्या कोणावर माझा राग नाही. पण यातली वजनाची गोष्ट मीही कधीकाळी खरी मानली होती आणि त्यापायी दुखणं ओढवून घेतलं होतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ते वजन. यासाठी संग्रहालयातही जायला नको, कागद-पेन्सिल पुरे. पोलादाचा 1 मिलिमीटर जाडीचा, 1 चौरस मीटरचा पत्रा साधारण 7.85 किलो भरतो. प्रौढ पुरुषाच्या त्वचेचं क्षेत्रफळ सुमारे 1.9 चौरस मीटर. म्हणजे टाळूपासून तळपायापर्यंत एक इंचही उघडा न ठेवता 1 मिलिमीटरच्या पत्र्यात माणूस गुंडाळला, तर होतात 15 किलो. 70 किलो गाठायचे तर अंगभर, अगदी बोटांवरसुद्धा, पावणेपाच मिलिमीटर जाडीचा पत्रा लागेल. खऱ्या चिलखतात छातीचा पत्रा मध्यभागी 2 मिलिमीटरच्या आसपास असतो, दंड आणि मांड्यांवरचा 1 मिलिमीटरच्या. मांडीची मागची बाजू, बैठक, काख अशा जागा बहुधा उघड्या किंवा नुसत्या कड्यांच्या जाळीने झाकलेल्या. पट्ट्या एकमेकींवर चढतात, तेवढी भर पडते. पंधराव्या शतकातली रणांगणावरची पुरी चिलखतं म्हणूनच बहुतेक 20 ते 25 किलोंच्या घरात आहेत. आतली कड्यांची जाळी आणि जाड अंगरखा धरला तर 30 किंवा थोडं वर. आजचा पायदळ सैनिक पाठीवर आणि अंगावर मिळून 30-40 किलो सहज वाहतो, आणि त्यातलं बरंचसं एकट्या खांद्यांवर लोंबत असतं.

मग 60-70चा आकडा आला कुठून? माझ्या समजुतीप्रमाणे दोन ठिकाणांहून. पहिलं, भाल्यांच्या स्पर्धेची चिलखतं. घोड्यावरून समोरासमोर येऊन एकच धडक द्यायची, चालायचं नाही, वळायचं नाही. त्यामुळे ती मुद्दाम जाड करत आणि 40 किलोच्या पुढे जात. दुसरं, सतराव्या शतकातली, बंदुकीची गोळी अडवायला छातीवर जाड केलेली घोडेस्वारांची चिलखतं. ती खरोखर जड आहेत, पण तोवर मध्ययुग संपलं होतं, आणि तो भार परवडेना म्हणून सैनिक हळूहळू पायांची कवचं टाकून देत होते. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीसाठी 1520 मध्ये ग्रिनिचला घडवलेलं, पायी द्वंद्वासाठीचं चिलखत 235 भागांचं आहे. अंगाचा एकही तुकडा उघडा नाही, तरी ते सुमारे 42 किलोंवर थांबतं. तेही स्पर्धेसाठी, रणासाठी नव्हे.

आता कप्पी. अशी कप्पी वापरल्याचा मध्ययुगातला एकही पुरावा नाही. ना चित्र, ना हिशेबाची नोंद, ना एखादं उरलेलं यंत्र. लोकांच्या डोळ्यांसमोर हे दृश्य पक्कं बसवलं ते लॉरेन्स ऑलिव्हिएच्या 1944च्या ‘हेन्री द फिफ्थ’ या चित्रपटाने. त्यात फ्रेंच सरदाराला दोरांनी उचलून घोड्यावर ठेवताना दाखवलंय. याउलट लिखित पुरावा आहे तो फ्रान्सचा मार्शल, म्हणजे सेनापती, बुसिको याचा. त्याच्या हयातीत, 1409 मध्ये पूर्ण झालेल्या चरित्रात त्याची रोजची मेहनत सांगितली आहे: पूर्ण शस्त्रसज्ज होऊन रिकिबीत पाय न ठेवता घोड्यावर उडी, शिरस्त्राण तेवढं काढून बाकी चिलखतासह कोलांटी, आणि भिंतीला टेकलेल्या शिडीच्या खालच्या बाजूने पाय न लावता नुसत्या हातांवर वर चढणं. चरित्रकार धन्याचं कौतुक करणारच, हे मान्य. पण अशक्य गोष्टीचं कौतुक करून त्या काळच्या वाचकांसमोर धन्याचं हसू झालं असतं. वाचणाऱ्यांपैकी कित्येकांनी स्वतः चिलखत घातलेलं होतं.

पडलेला माणूस उठत नाही, हा पुढचा मुद्दा. मी दर आठवड्याला पडतो आणि उठतो. कुशीवर वळायचं, एक गुडघा खाली घ्यायचा, हात टेकायचा, उभं राहायचं. दोन-तीन सेकंदांचं काम. या मुद्द्याच्या बाजूने लोक इंग्रज-फ्रेंचांमधली अझॅंकूरची लढाई पुढे करतात, आणि तिथे खरंच माणसं पडून गुदमरली. 25 ऑक्टोबर 1415. रात्रभर पाऊस, नांगरलेलं शेत, दोन्हीकडे रान, आणि त्या चिंचोळ्या पट्टीत मागून रेटणारी हजारो माणसं. त्या चिखलात मागचा पुढच्याच्या अंगावर पडत गेला. गर्दी चेंगरते तेव्हा सुती सदऱ्यातली माणसंही मरतात. तिथलं मरण एकट्या चिलखताच्या नावावर लिहिणं बरोबर नाही.

चिलखत दमवतं मात्र जबर, आणि हे मी लपवणार नाही. लीड्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चिलखताची सवय असलेल्या माणसांना पंधराव्या शतकातल्या चिलखतांच्या प्रतिकृती घालून चालत्या पट्ट्यावर चालवलं, पळवलं. चालायला एरवीच्या 2.1 ते 2.3 पट ऊर्जा लागली, पळायला 1.9 पट. कारण फार बोलकं आहे. वजन पाठीवर असतं तर इतकं लागलं नसतं. पण पायांवरचं लोखंड प्रत्येक पावलाला पुढे झुलवावं लागतं. शिवाय छाती आवळलेली असल्यामुळे श्वास खोल जात नाही, नुसता भराभर होतो. हे मी ऑगस्टच्या उन्हात अनुभवलंय. हालचाल होते, चांगली होते. टिकाव मात्र कमी होतो. मजकुराने नेमकी उलटी बाजू धरली आहे.

मराठ्यांबद्दलचा मुद्दा मला सर्वांत जास्त लागला, कारण तो आपल्याच माणसांवर अन्याय करतो. 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाखाली अफझलखानाला भेटायला जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि डोक्यावर वस्त्राखाली लोखंडी टोप घातला होता, हे आपल्याकडचं शाळकरी पोरही सांगेल. बख्तर, चिलखत, जिरेटोप, छाती-पाठ-बगलांवर चार पत्रे बांधायचं चार आइना, मनगटापासून कोपरापर्यंतचा दस्ताना: हे शब्द आपल्याकडे वस्तूंसकट होते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबराचं पोलादी कवच आणि ढाल काचेपलीकडे उभी आहेत, जाऊन पाहता येतात. ऐपत असलेल्याने चिलखत घातलं, नसलेल्याने जाड शिवलेल्या अंगरख्यावर भागवलं, आणि डोंगरातल्या वेगवान स्वारीसाठी हलकं राहणं हा मावळ्यांचा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. तुलना तरी कोणाशी? अझॅंकूर आणि प्रतापगड यांच्यात 244 वर्षांचं अंतर आहे. शिवकाळात युरोपातलं पायदळही बहुतांश चिलखताविनाच लढत होतं. दोन काळ एकमेकांसमोर उभे करून जिंकण्याची महाराजांना गरज नाही.

आता पत्र्याचे डबे. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

मी ज्या संस्थेत लढतो तिचं नाव सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अॅनाक्रोनिझम, मध्ययुग पुन्हा जगून बघणाऱ्या हौशींची संस्था. 1966 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे एका घराच्या परसात ती सुरू झाली. तिचा पेन्सिक नावाचा मेळा 1972 पासून भरतो, आता दर उन्हाळ्यात स्लिपरी रॉक गावाजवळ. मला गाडीने तासाभरावर. आमच्याकडे तलवार वेताची असते, किमान सव्वा इंच जाड, पण वार पूर्ण ताकदीने होतो आणि कोणी लुटुपुटूचं पडत नाही. युरोपात बुहुर्त, म्हणजे चिलखत घालून संघांनी खेळायची झुंज, खेळणारे तर बोथट पोलादानेच लढतात. 2010 मध्ये युक्रेनमधल्या खोतिनच्या किल्ल्यात देशोदेशींचे संघ असे भिडले होते. त्यामुळे चिलखताचे नियम शोभेसाठी नसतात. आमच्या शिरस्त्राणाचा पत्रा किमान 1.6 मिलिमीटर हवा, चेहऱ्यावरच्या गजांत एक इंचाहून जास्त फट नको, आत किमान अर्ध्या इंचाचं अस्तर हवं. गळा, मानेचे मणके, मूत्रपिंडं, कोपरं, गुडघे, हात झाकलेच पाहिजेत. मैदानात उतरण्याआधी तपासनीस प्रत्येकाचं शिरस्त्राण हाताने हलवून बघतो. डबा घालून आलेल्याला तिथूनच परत पाठवतात.

आणि कारागिरी? गुडघ्याची वाटी घ्या. आधी जाड पुठ्ठा गुडघ्यावर गुंडाळून, कापून, पुन्हा गुंडाळून नमुना काढायचा. तो पत्र्यावर उतरवून कात्रीने कापायचा, कडा कानशीने मारायच्या. मग लाकडाच्या ओंडक्यात कोरलेल्या खळग्यावर पत्रा धरून गोल तोंडाच्या हातोडीने कडेकडून मध्याकडे ठोकत जायचं. साधं पोलाद इतपत कामाला थंडच वाकतं, भट्टी लागत नाही. कडेला सुरकुती पडू लागली की थांबून ती आधी बसवायची. तशीच ठोकली तर घडी पडून तिथे पत्रा फाटतो. आकार आला की लोखंडी गोळ्यावर पालथी घालून बाहेरून हलक्या हाताने, एकसारख्या ठोक्यांनी गुळगुळीत करायची. हे शिकवणाऱ्या अमेरिकन गृहस्थांनी यासाठी त्यांचा शब्द सांगितला, पण मला तो शब्द लहानपणापासून ठाऊक होता: मठारणं. आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर तांबट आळी. हंड्या-बंबांवर चालणाऱ्या मठारकामाचा ठणठणाट ऐकत मी शाळेत गेलो. तांबं मऊ, पोलाद हट्टी. पण हातोडी सपाट कशी पडावी, ठोका मनगटातून कसा यावा आणि दोन ठोक्यांत अंतर किती, हे शहाणपण तेच.

वाटी झाली तरी गुडघा झाला नाही. तिच्या वर-खाली कोळंबीच्या पाठीसारख्या एकमेकींवर सरकणाऱ्या पट्ट्या बसवाव्या लागतात, आणि त्यांच्या रिवेटची भोकं दोन मिलिमीटर जरी चुकली तर सांधा अर्ध्यात अडकतो. कोपर त्याहून किचकट. खांद्याला तर मी तीन हिवाळे दिले, कारण हात डोक्यावर उचलला पाहिजे, आडवा छातीशी आला पाहिजे आणि तरीही काखेची फट उघडी पडता कामा नये. काही ठिकाणी भोकाऐवजी खाच ठेवून रिवेट सरकता करतात, काही ठिकाणी पट्ट्या आतून चामड्यावर टांगतात. इन्सब्रुक, आउग्सबुर्ग, मिलान इथल्या कारागिरांनी हे प्रश्न पाचशे वर्षांपूर्वी सोडवून ठेवलेत, तेही आमच्यासारखा कारखान्यातला एकजिनसी पत्रा हाताशी नसताना. त्यांच्यातल्या उत्तमांनी पोलादाला पाणी देऊन ते कठीणही केलं. आपण त्यांच्या सांध्यांचे फोटो मोठे करकरून भोकं मोजतो आणि पुन्हा पुठ्ठ्याकडे वळतो. याला इतिहास नाही म्हणणाऱ्याने एक कोपर करून बघावं, ही माझी मनापासूनची विनंती आहे.

माझ्या दुखण्याबद्दल सांगायचं राहिलं. ‘खरं चिलखत जडच असतं’ हे डोक्यात पक्कं असल्यामुळे पहिलं चिलखत मी 3 मिलिमीटर पत्र्याचं केलं. भरलं 38 किलो. त्याहून मोठी चूक म्हणजे छातीचं कवच कमरेशी घेतलंच नव्हतं. सरळ पिंपासारखं खाली आलेलं. कवच कमरेशी आत वळलं पाहिजे, म्हणजे त्याचा भार कमरेच्या हाडांवर टेकतो. पायांची कवचं आतल्या जाड अंगरख्याला नाडीने बांधली पाहिजेत, म्हणजे तीही धडावर तोलली जातात. माझा सगळा भार दोन चामडी पट्ट्यांवरून खांद्यांवर आला. पहिल्याच उन्हाळ्यात डाव्या हाताची तीन बोटं बधिर झाली आणि दोन महिने तशीच राहिली. डॉक्टरांनी खांद्यावर दाब येऊ न देण्याची तंबी दिली. आज माझं चिलखत 24 किलोचं आहे, त्यातलं शिरस्त्राण 4 किलोचं. ते घालून मी जिना चढतो, खाली बसतो, बुटाची नाडी बांधतो. बदलली ती जाडी आणि त्याहून जास्त बदलली ती बेतणी. शिंपी बगल कापताना जी काळजी घेतो ती.

माझं हे वजनाचं म्हणणं ऐकून पुण्या-नाशकाकडच्या दोन मुलांनी मला विचारलं की मग पातळ पत्रा चालेल का, छपराचा पडून आहे. नाही चालणार. छपराचा पत्रा पातळ असतो, वाराने थेट आत दबतो. त्यावर जस्ताचा थर असतो तो वेगळाच. तो तापवला किंवा वेल्डिंग केलं की निघणारा धूर फुप्फुसांत जाऊन ताप भरतो. साधा काळा पत्रा घ्या, 1.6 मिलिमीटरचा. कानांत बोळे, डोळ्यांवर चष्मा. सुरुवात गुडघ्याच्या वाटीपासून करा, शिरस्त्राणापासून नको. वाटी बिघडली तर पत्र्याचा एक तुकडा जातो. दोन्ही गुडघे एकसारखे जमले की मला फोटो पाठवा, पुढचा पुठ्ठा आपण मिळून कापू.