पाखऱ्याचा दात

रात्रीचे साडेनऊ वाजलेत. मैदानावरनं येऊन अंघोळ झाली, जेवण झालं, तरी कानात धूळ आहे आणि राग तर जागचा हललेला नाही. म्हणून लिहून टाकते. लांब होणार आहे. बैलगाडीच्या शर्यतीशी ज्यांचं देणंघेणं नाही त्यांनी खुशाल पुढं सरका.

आज एका मैदानात (गावाचं नाव घेत नाही, कमिटीतली निम्मी माणसं ओळखीची आहेत आणि माणसं म्हणून वाईट नाहीत) आदतमध्ये (दुधाचे दात शाबूत असलेल्या जनावरांच्या शर्यतीत) एका म्हाताऱ्या बाबांचं वासरू पळालं. गट मारला, म्हणजे पहिली फेरी जिंकली, सेमी मारली, फायनलला गेलं. बरोबर नातू, असेल चौदा-पंधरा वर्षांचा, तो तर जमिनीवर नव्हताच. फायनलच्या आधी कुणीतरी हरकत घेतली. पंच आले, वासराची वेसण धरली, ओठ खाली ओढला, मोबाइलची बॅटरी मारली. खालचा मधला एक दात पडलेला. "दुसा आहे. बाद." म्हणजे मधले दुधाचे दात पडलेला, आदतमध्ये न बसणारा.

बाबा परत परत एकच सांगत होते, "गेल्या ऐतवारी हाच दात असाच होता, तिथं चाललं की."

माइकवर जो होता त्यानं त्यावर एक विनोद मारला. बैलाचं वय लपवायचं म्हणजे काय, बाबांनी स्वतःचं पण लपवलंय वगैरे. मैदान हसलं. मी पण त्या मैदानात होते, आणि माझ्याच्यानं काही बोलवलं नाही, याचा राग जास्त आहे बहुतेक.

कारण हे आमच्या आबांबरोबर झालंय. शब्द न् शब्द.

मागच्या वर्षी पाखऱ्या आमचा अडीच वर्षांचा होत आला होता. घरचाच खोंड, खिलार, आमच्या गाईचा. आबांनी त्याला पहिल्यांदा मैदान दाखवलं माघात. तिथं मधला एक दात पडलेला, शेजारचा दुधाचा अजून घट्ट. पंचांनी तोंड बघितलं आणि म्हणाले, दोन्ही पडल्याशिवाय दुसा नाही, आदतला पळवा. पळवला. तिसरा आला. आबांनी त्या दिवशी परत येताना दोनदा चहाला गाडी थांबवली, एवढे खूश.

नऊ दिवसांनी दुसरं मैदान. तोच खोंड, तोच दात, तोच आबा. तिथला नियम वेगळा. एक दात पडला की दुसा. आणि हे कळलं कधी? गट मारल्यावर. दीड हजार फी भरल्यावर. माइकवरनं काय पुकारलं ते मला अजून पाठ आहे, "खोटं जनावर आणणाऱ्यांनी कमिटीचा वेळ घेऊ नये."

आमच्या आबांना. ज्या माणसानं दुधात कधी पाणी घातलं नाही आणि बाजारात बैल विकताना त्याची खोड आधी सांगून मग किंमत सांगितली, त्या माणसाला.

ज्यांना हे दाताचं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गाईबैलांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, खाली आठ असतात. दुधाचे आठ शाबूत असले की आदत. साधारण दोन-अडीच वर्षांत मधली जोडी पडून पक्की येते, तो दुसा. पुढची जोडी आली की चौसा, मग सहादाती, मग आठही आले की जुळला. ऐकायला सरळ आहे. पण दोन दात एकाच दिवशी घड्याळ लावून पडत नाहीत हो. एक पडतो, दुसरा पंधरा दिवस हलत राहतो, कधी महिना. चारा कसा, जात कोणती, त्यावर पुढंमागं होतं. आता हा मधला महिना आदतमध्ये धरायचा का दुशात? एका गावात म्हणतात पडला की दुसा. दुसऱ्या गावात, दोन्ही पडले की दुसा. तिसऱ्या गावात, पक्का दात हिरडीतून वर दिसला की दुसा. आणि एका ठिकाणी तर मी माझ्या कानानं ऐकलंय, "हलतोय ना? मग दुसा."

मला यातला कुठलाही चालेल. खरंच सांगते, कुठलाही. पण एक ठरवा!

आणि दातापुरतं थोडंच आहे? निकाल रेषेवर काय धरायचं, बैलाचं तोंड, जू, का छकड्याचं (शर्यतीच्या हलक्या गाडीचं) चाक? एका मैदानात मान लांब करणारा बैल जिंकतो, दुसऱ्यात तोच हरतो. फाटी, म्हणजे प्रत्येक गाडीची पळायची पट्टी, सोडली म्हणजे काय? बैलाचा पाय शेजारच्या फाटीत गेला तर बाद, का चाक गेलं तर बाद, का समोरच्याला अडथळा झाला तरच बाद? झेंडा पडायच्या आधी गाडी सुटली तर परत लावायची का तिथंच घरी पाठवायचं? छकड्याचं वजन तर कुणी विचारतच नाही. ज्याच्याकडं पैसा त्याचा छकडा हलका. ड्रायव्हर पोरं तर इतकी किडमिडी शोधतात की वारं आलं तर छकड्यावर राहतील का नाही अशी भीती वाटते.

आता कुणीतरी खाली येऊन लिहिणारच की सरकारचे नियम आहेत ना. आहेत. मला पाठ आहेत, कारण आमच्या घरची सगळी कागदं मीच करते. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, कमिटीची ५० हजारांची ठेव, धावपट्टी १००० मीटरच्या आत, डॉक्टरांचा दाखला, काठी-चाबूक-शॉक बंद. मोडलं तर ५ लाखांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद. हे सगळं चांगलंच आहे, आणि ज्यांना चाबूक बंद झाल्याचं दुःख आहे त्यांनी माझ्या फ्रेंडलिस्टमधनं गेलं तरी चालेल. पण ते नियम बैलासाठी आहेत. बैलाला त्रास होऊ नये म्हणून. कोण जिंकला हे कसं ठरवायचं, ते सरकारनं आपल्यावर सोडलंय. आणि आपण ते ज्याच्या हातात माइक त्याच्यावर सोडलंय.

सात वर्षं आठवतात का? ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला आणि मैदानं बंद पडली. २०१७ ला राज्यानं कायदा केला, तर हायकोर्टात तो पण अडकला. १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली तेव्हा आमच्या गावात माणसं रडली आहेत. आबा रडले नाहीत, गोठ्यात जाऊन बसले, तेच त्यांचं रडणं. मग १८ मे २०२३ ला घटनापीठानं पण कायदा मान्य केला. या सगळ्या वर्षांत घाटवाले, छकडेवाले, पटवाले, समुद्रावरचे, सगळे एका आवाजात बोलत होते. मोर्चात कुणी कुणाला विचारलं नाही तुझ्याकडं आदत कशाला म्हणतात. बंदी होती तोवर आपण एक होतो, आणि मैदान मिळालं तशा दहा कमिट्यांच्या दहा तऱ्हा झाल्या.

थांबा, एक गैरसमज नको. सगळीकडं एकच शर्यत करा असं मी म्हणत नाहीये. खेड-जुन्नर-आंबेगावकडचा घाट, म्हणजे तिथली बैलगाडा शर्यत, घाटच राहू दे. तिथं एका वेळी एकच गाडा सुटतो, पुढं घोडी, आणि सामना घड्याळाशी. त्याला आमच्या फाट्यांचा नियम लावणं म्हणजे खुळेपणा. विदर्भात शंकरपट (तिकडची बैलांची शर्यत), तळेगाव दशासरचा पट बघायला माणसं कुठून कुठून जातात, तिथं सेकंदाच्या शंभराव्या भागावर निकाल लागतो. अलिबागकडं वाळूवर पळवतात. हे सगळं वेगळंच छान आहे. मी बोलतेय ते आमच्या सातारा-सांगलीकडच्या छकड्याचं. एकाच पद्धतीची शर्यत, एकाच तालुक्यातली दोन मैदानं, मध्ये नऊ दिवस, आणि बैल एकीकडं खरा तर दुसरीकडं खोटा. हे कसं?

भाचा परवा मोबाइलवर अमेरिकेतलं ट्रॅक्टर ओढायचं दाखवत होता. मागं एक घसरगाडा बांधतात, ट्रॅक्टर पुढं जाईल तसं त्या गाड्यावरचं वजन पुढं सरकत येतं, म्हणजे जितकं ओढाल तितकं ओझं वाढत जातं. (आबा म्हणाले, "संसारच की हा.") तर भाचा म्हणाला, आत्या, यांच्यात पण आधी जागोजागी वेगळे नियम होते. शेवटी १९६९ ला आठ राज्यांतली माणसं एकत्र बसली, संघटना काढली आणि एक नियमांचं पुस्तक केलं. आठ राज्यं! आपल्याला आठ गावं जमत नाहीत.

आणि लांब कशाला जायचं, आपली कबड्डी बघा. संजीवनी, गामिनी, अमर, नावं तरी किती होती. कुठं बाद झालेला परत जिवंत व्हायचा, कुठं सगळे बाद होईस्तोवर बाहेरच बसायचा. नियम एक झाले आणि १९९० ला तो खेळ बीजिंगच्या एशियाडमध्ये गेला. आमच्या हुतूतूवाल्या म्हाताऱ्यांनी तेव्हा पण कुरकूर केलीच असणार.

हां, मान्य करते, कमिटीवाल्यांना पण काही सुख नाही. पदरचे पैसे घालतात, महिनाभर परवानगीला हेलपाटे मारतात, उन्हात दिवसभर उभे राहतात आणि शेवटी शिव्या खातात. आणि हेही खरं की काही बहाद्दर हलणारा दात पकडीनं काढायच्या नाहीतर लपवायच्या भानगडी करतात, त्यांच्यामुळं पंच सगळ्यांकडंच संशयानं बघतात. बरं. पण चोर पकडायला आधी चोरी कशाला म्हणायचं ते तर ठरलं पाहिजे ना?

कुणी म्हणेल एका दातासाठी एवढं काय. पैरा माहीत आहे ना? एक बैल एका मालकाचा, दुसरा दुसऱ्याचा, जोडी शब्दावर जमते. पाखऱ्याचा पैरा ज्यांच्या बैलाबरोबर होता ते शेजारच्या तालुक्यातले. आबा बाद झाले म्हणजे ते पण बाद. भाड्याचा पिकअप करून आले होते बिचारे. त्या दिवशी काही बोलले नाहीत, पण त्यानंतर आबांचा फोन उचलायचे बंद झाले. आबांनी चार वेळा लावला. पाचव्यांदा माझ्या मोबाइलवरनं लाव म्हणाले. मी लावला, त्यांनी उचलला, आबांचा आवाज ऐकला आणि "मैदानात आहे, नंतर बोलतो" म्हणाले. ते नंतर काही आलं नाही. वीस वर्षांची ओळख होती. फीचे दीड हजार गेले त्याचं मला काडीचं वाटत नाही.

आणि आज ते बाबा. बाद झाल्यावर पोरगं रडायला लागलं होतं, आणि बाबा त्याच्यावरच ओरडत होते, कारण दुसऱ्या कुणावर ओरडणार? पैऱ्याचा माणूस लांब जाऊन उभा होता. आमचे आबा काय केले, तर गर्दीतनं गेले आणि काही न बोलता त्या वासराची पाठ चोळायला लागले. मग दोघांनी मिळून त्याला पिकअपमध्ये चढवलं. मी मागं उभी. आबांनी बाबांना फक्त एवढंच विचारलं, "कुठला दात, उजवा का डावा?" बाबा म्हणाले, "डावा." आबा म्हणाले, "आमचा उजवा होता."

हे लिहिताना हसू पण येतंय आणि डोळे पण भरून येतायत. असो.

मला काय पाहिजे ते सांगते आणि थांबते. तीन गोष्टी. दात, रेषा, फाटी. बाकी ढाल किती फुटाची आणि मानाचा नारळ कुणी फोडायचा ते ज्याच्या त्याच्या गावाचं. दाताची तपासणी सकाळी नोंदणीच्या वेळीच करा, गट सुटायच्या आधी. हरकत घ्यायची तर तेव्हाच घ्या, फी परत द्या, माणूस इज्जतीत घरी जाईल. जनावराच्या कानात बारा आकडी नंबराचा पिवळा बिल्ला असतोच, त्या नंबरावर दाताची तारीख एकदा लिहून ठेवली की पुढच्या मैदानात परत तोंड उचकटायची गरज नाही. याला ना कोर्ट लागतं ना मंत्री. चार तालुक्यांतले पंच एका झाडाखाली दोन तास बसले तर होतं. संघटनावाल्यांनो, तुमच्यातली कुठली खरी आणि कुठली फुटीर ते नंतर ठरवा, आधी झाडाखाली या.

आणि माइकवाल्यांनो, तुमच्याशी मला वेगळं बोलायचंय. तुमच्या शब्दावर मैदान नाचतं हे कबूल. माझे पण पाय हलतात. पण बाद झालेल्या माणसाची पाठ वळेपर्यंत तरी गप्प बसा. तो बैल घेऊन गेटपर्यंत चालत जातो ना, तेवढाच वेळ. जास्त मागत नाही.

खाली कमेंटमध्ये प्रत्येकानं आपल्या भागातला नियम लिहा. एक दात पडला तर काय धरतात, रेषेवर काय बघतात, फाटीला पाय का चाक. गाव नाही लिहिलं तरी चालेल, तालुका लिहा. मी वही केलीये, त्यात उतरवून घेते. भांडायचं असेल तर भांडा, पण आधी नियम लिहा.

आबा दारातनं विचारतायत, एवढं काय लिहितेस मघापासनं. सांगितलं नाही. पाखऱ्याला पाणी दाखवायचं राहिलंय, जाते.